गोळीच्या बुडावरचं अक्षर

कय्यूमचाचाला स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं. रेशन कार्डावर अंगठा, मतदानाला अंगठा, मुलीच्या निकाहनाम्यावरसुद्धा अंगठाच. पण लष्करी बंदुकीची रिकामी पुंगळी त्याच्या हातात द्या, की हाच माणूस पंडित व्हायचा. पुंगळी उलटी करायचा, बुडावरची काजळी नखाने खरडायचा, उन्हात धरून डोळे बारीक करायचा आणि सांगायचा, "खडकी. सन बेचाळीस. लढाईतला माल हाये, भाऊ. पितळ एक नंबर."

मी तेव्हा एका जिल्हा दैनिकाचा मोताळा तालुक्याचा वार्ताहर होतो. वार्ताहर म्हणजे फार काही नाही. दिवसभर झेरॉक्सचं दुकान चालवायचं आणि संध्याकाळी फॅक्सने बातम्या पाठवायच्या. स्वतःला मात्र मी फार मोठा समजायचो. मोताळ्यापासून आठ-नऊ किलोमीटरवर पिंपळधोंडा नावाचं गाव आहे, तिथे कय्यूमचाचाची कलईची भट्टी होती. त्याची फजिती करावी म्हणून मी एकदा पाच पुंगळ्या घेऊन गेलो. त्यातल्या एकीचं बूड मुद्दाम दगडावर घासून जवळजवळ कोरं केलं होतं. त्याने पाचही ओळखल्या. घासलेली हातात घेऊन म्हणाला, "हे काऊन घासली बे? हेही खडकीचीच हाये. आकडा पुसला, पन बाणाचं टोक अन् अक्षराचा पाय राह्यला." वर मलाच शिकवलं, की बाण म्हणजे सरकारी माल, दोन अक्षरं म्हणजे कारखाना आणि आकडे म्हणजे साल. माझी जिरली ती जिरलीच.

हा काही त्याचा शौक नव्हता. स्टीलची भांडी आली आणि कलईचा धंदा बसला, तेव्हा त्याच्या बापाने भंगारातलं पितळ वितळवून बैलांची घुंगरं ओतायला सुरुवात केली. खामगावचा एक भंगारवाला कुठल्यातरी जुन्या चांदमारीच्या, म्हणजे नेमबाजीच्या मैदानाच्या, लिलावातून पुंगळ्यांची पोती आणायचा. लढाईच्या काळातलं पितळ घुंगराला चांगलं लागायचं, आवाज मोकळा यायचा. नंतरच्या सालातलं बोदं, दबक्या आवाजाचं निघायचं. म्हणून निवडानिवड आली.

कय्यूमचाचा तेरा वर्षांचा असताना बापाने एक पोतं न पाहता मुशीत रिकामं केलं. त्यात एक जिवंत काडतूस होतं. मूस फुटली, उकळतं पितळ बापाच्या तोंडावर उडालं. डोळे गेले, ओठ गेले, आणि ते ओठ नसलेलं तोंड तीन दिवस पाणी मागत राहिलं. चौथ्या दिवशी दफन झालं. तेव्हापासून वाचल्याशिवाय एकही पुंगळी मुशीत टाकायची नाही, असा कय्यूमचाचाचा नेम झाला. वरणगावच्या दारूगोळ्याच्या कारखान्यातला एक तरुण फिटर भांडी कलई करायला यायचा, त्याच्याकडून त्याने अक्षरं ओळखून घेतली. चाळीस वर्षांत त्याच्या हातून एकही चुकली नाही. या एका गोष्टीचा त्याला भारी अभिमान होता. नूरजहांचाची, त्याची बायको, म्हणायची, "इनको बीवी का चेहरा याद नहीं रहता, कारतूस का रहता है."

सन दोन हजार तीनच्या पोळ्याआधी त्याने धाड गावातल्या एका पडक्या घराचं भंगार घेतलं. त्यात एक पितळी हंडी होती, तोंडाला कापड बांधून वर मेण ओतलेली. आत बारा जिवंत काडतुसं. निजामाच्या रझाकारांच्या वेळी त्या सरहद्दीच्या गावांतून बंदुका फिरल्या होत्या, तेव्हाच कुणीतरी लपवलेली असणार. पुंगळीचं बूड त्याला अनोळखी निघालं. कुतूहल आवरेना. त्याने एकाची गोळी पकडीने उपटली, दारू नाल्यात सांडून दिली आणि गोळी उलटी केली. एरवी गोळीचं बूड कोरं असतं. या गोळीच्या बुडावर शिशात दाबून एक अक्षर काढलं होतं. गोल, आत वळलेली जीभ, आणि ती जीभ मध्येच तुटलेली.

वरणगावच्या त्याच फिटरला, आता निवृत्त झालेल्या, विचारलं तर तो म्हणाला, हे विलायती कारखान्याचं अक्षर. लढाईत चार कारखाने गोळ्या करायचे. गोळी वाईट निघाली तर कोणाच्या घरची ते कळावं म्हणून प्रत्येकाने आपलं अक्षर दाबायचं. यांचा ठसा झिजलेला दिसतो, म्हणून जीभ तुटली. कय्यूमचाचाने ती उघडलेली गोळी वितळवून भोयाच्या मासे धरायच्या जाळ्याला वजनं करून दिली. उरलेल्या अकरा काडतुसांची मात्र त्याला धास्ती बसली. घरात ठेवायची सोय नाही. ठाण्यात न्यायला जावं, तर मुसलमान माणूस जिवंत काडतुसं घेऊन ठाण्याच्या पायऱ्या चढतोय, हे त्याचं त्यालाच बरं दिसेना. भ्यालेला माणूस गावात जिथे जातो तिथे तो गेला. वामनराव पाटलांकडे.

वामनराव म्हणजे माजी सरपंच, शंभर एकराचा धनी, बाजारात खत-बियाण्याचं कृषी केंद्र आणि त्याच्यावर माडीचं घर. "पाटील, हे तुमच्या हातानं ठाण्यात जमा करा," कय्यूमचाचा म्हणाला. वामनराव हसले. त्याला माडीवर घेऊन गेले, धान्याच्या कणगीमागून पोत्यात गुंडाळलेली एक लांब लष्करी रायफल काढली आणि त्याच्या देखत एक काडतूस आत सरकवून पाहिलं. बरोब्बर बसलं.

"बाबा सरहद्दीच्या कॅम्पात होते, तेव्हाची हाये," वामनराव म्हणाले. "तू काई पाह्यलं नाई. तुझ्या भट्टीची जागा गायरानातली हाये ना? कोनी उठवनार नाई तुले. म्या पाहून घेतो."

परवान्याची बारा बोअर पाटलांकडे आहे, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. ही दुसरी फक्त कय्यूमचाचाला. तो मूग गिळून घरी आला. अकरा काडतुसं गेली आणि भट्टीची जागा राहिली, एवढंच त्याने त्या वेळी पाहिलं. माणसाचं चुकतं ते असंच, आणि मला त्याचा रागही येतो आणि दयाही.

तीन वर्षं गेली. बीटी कपाशीचा बोलबाला झाला होता. दोन हजार सहाच्या हंगामात वामनरावांनी कंपनीचं नाव नसलेली पाकिटं विकली. वर मोठ्या अक्षरात 'बीटी' छापलेलं. या झाडाला बोंडअळी तोंड लावत नाही, फवारणी विसरा, असं सांगून विकली. सप्टेंबरात अर्ध्या गावाच्या शेतात बोंडाबोंडात अळी निघाली. लोक पाटलांकडे गेले तर पाटील म्हणाले, तुम्ही पेरताना चुकलात.

मंगळवारी आठवडी बाजार. सकाळी अकराच्या सुमाराला इंद्रभान बैलगाडी घेऊन बाजारात शिरला. इंद्रभान विहीर-बागायतीचा, खातापिता शेतकरी. त्याला रडगाणं येत नव्हतं, राग येत होता. पाच एकरातली किडकी कपाशी मुळासकट उपटून त्याने गाडीत भरली होती. कृषी केंद्राच्या दारात गाडी उभी केली आणि पऱ्हाट्यांचे भारेच्या भारे दुकानात फेकायला लागला. "घ्या पाटील! तुमचं बीटी तुमच्या घरात घ्या!"

पाच मिनिटांत दोनशे माणसं झाली. मी बाजारातच होतो, चहा पीत. काचा फुटल्या. वामनराव माडीवर पळाले आणि दार लावून घेतलं. लोकांनी त्यांच्या नोकराला फरपटत बाहेर काढलं, खाली पाडलं आणि एकाने त्याच्या छातीवर बसून त्याच्या तोंडात अळ्यांसकट बोंडं कोंबली. तो गुदमरून पाय झाडत होता आणि लोक हसत होते. खरं सांगतो, मीही हसलो. औषधाचे डबे फुटले होते, सगळ्या बाजारात उग्र वास भरला होता. एक जण काडेपेटी मागत होता.

बाजाराच्या बंदोबस्ताला पुंजाजी नावाचा शिपाई होता. पन्नाशीचा, पोट सुटलेला, हातात सरकारी रायफल. तो दुकानाच्या ओट्यावर चढला, ओरडला, शिट्टी फुंकली. कोणी ऐकेना. तेव्हा त्याने रायफल वर केली आणि बार काढला.

इंद्रभान गाडीजवळ उभा होता. गोळी त्याच्या गळ्यातून आरपार गेली. दोन्ही हातांनी गळा धरून तो खाली बसला, बोटांतून रक्त उसळत होतं, आणि काहीतरी बोलायला तोंड उघडलं तर तोंडातूनही तेच आलं. त्याच्या मागे जुंपलेला डावा बैल गुडघ्यांवर कोसळला. लोकांना वाटलं, बैल बिचकून जुवाच्या खिळ्यावर आपटला. बैलाकडे बघायला वेळ कोणाला होता?

दोनशे माणसं ओट्याकडे धावली. पुंजाजीच्या हातातली रायफल ओढून घेतली आणि तिच्याच दस्त्याने त्याचा जबडा मोडला. तो पडल्यावर तुडवला. लाथा, दगड, तराजूची वजनं. बरगड्या मोडतानाचा आवाज मी झाडामागून ऐकला. मी पुढे झालो नाही. जादा पोलीस आले तेव्हा तो मेला असं समजूनच लोक बाजूला झाले होते, पण श्वास चालू होता.

दुसऱ्या दिवशी माझी बातमी पहिल्या पानावर आली. 'पोलिसाच्या गोळीने शेतकरी ठार.' डोळ्यांनी पाहिलं म्हणून लिहिलं. पाहिलं काय, तर धूर. पुंजाजीच्या रायफलीतून एक गोळी उडालेली, इंद्रभानच्या अंगावर एक जखम. हिशोब सोपा होता. परवान्याची बारा बोअर निवडणुकीमुळे ठाण्यात जमा होती, त्यामुळे माडीकडे कोणाची मान वळली नाही. पुंजाजीला दवाखान्यातच अटक झाली.

इंद्रभानचा बैल नवव्या दिवशी मेला. खांदा सुजून सडला होता. कातडं काढताना खांद्याच्या मांसात गोळी सापडली. टोक वाकलेलं, बूड शाबूत. इंद्रभानची बायको केसरबाई हिने ती धुतली, पदराच्या गाठीत बांधली आणि पोलिसांकडे न जाता थेट कय्यूमचाचाच्या भट्टीवर आली. पुढचं मला त्याने स्वतः सांगितलं.

"कय्यूमभाऊ, हे वाच," ती म्हणाली.

"कुठून आनलं, वयनी?"

"बैलाच्या खांद्यातून. ह्यांच्या गळ्यातून निंगून त्याच्यात गेलं." ती खाली बसली. "म्या त्या शिपायाची नळी पाह्यली व्हती. आभायाकडे व्हती. लोकं म्हन्तात त्यानंच मारलं. माह्या देरानं, उकंडनं, भावाच्या चितेवर शपथ घेतली हाये. कुऱ्हाड घासून कोर्टाच्या तारखेची वाट पाहून राह्यला. म्या त्याले म्हनलं, कय्यूमभाऊ वाचन, मंग काय ते. तू सांगशीन तसं होईन."

कय्यूमचाचाने गोळी उलटी केली. शिशात गोल अक्षर होतं. आत वळलेली जीभ, मध्येच तुटलेली.

पोलिसांचा माल गेल्या पंचवीस-तीस वर्षांतला, देशी, कोऱ्या बुडाचा. शंभर पोत्यांतून तो त्याच्या हातून गेला होता. ही गोळी माडीवरून आली होती. आणि माडीवर ती त्याने स्वतःच्या हाताने नेऊन दिली होती.

त्याची पाचावर धारण बसली. खरं बोलावं, तर पुढचा प्रश्न येणार, तुला हे अक्षर कसं ठाऊक? मग हंडी आली, अकरा काडतुसं आली. आणि गावात काय पसरेल? कय्यूमने काडतुसं पुरवली, इंद्रभान मेला. दोनशे माणसांनी एका शिपायाचं काय केलं, ते सगळ्यांनी पाहिलं होतं. गावात मुसलमानांची चौदा घरं, एकाच गल्लीत, एकमेकांना चिकटून.

"पोलिसाचीच हाये, वयनी," तो म्हणाला.

"नक्की?"

"हाव."

केसरबाईने गोळी पुन्हा गाठीत बांधली. तिने त्याच्यावर एवढा विश्वास टाकला होता की त्यापुढे काही विचारलंसुद्धा नाही.

घरी जाऊन त्याने नूरजहांचाचीला सांगितलं. ती म्हणाली, "कुछ मत बोलो जी. पहले अपनी गली जलेगी, बाद में पाटील की माडी." चुकीचं काय बोलली? मी तिच्या जागी असतो तर हेच बोललो असतो. पण कुऱ्हाड कोणासाठी घासली जातेय, हे त्या घरात दोघांना ठाऊक होतं, आणि ते ठाऊक असूनच पाच दिवस चूल पेटत राहिली. कय्यूमचाचा जेवत नव्हता. भट्टीवर बसायचा आणि भाता ओढायचा विसरायचा.

पाचव्या दिवशी पुंजाजीला तारखेसाठी आणलं. जबडा तारेने बांधलेला, बरगड्यांना पट्टा, दोन शिपाई दंडाला धरून चालवत होते. कोर्टाबाहेर रसवंतीजवळ हिरव्या चाऱ्याच्या पेंड्या विकायला बसतात, त्यांत उकंडराव एक पेंडी घेऊन बसला होता. पुंजाजी समोर आला तसा तो उठला, पेंडीतून कुऱ्हाड काढली. पहिला घाव मानेवर यायचा, तो पुंजाजीने उजवा हात वर केला म्हणून मनगटावर आला. हात अर्धा लोंबकळला. "यानंच घोडा दाबला ना बे!" उकंडराव ओरडला आणि तोच हात रसवंतीच्या ओट्यावर दाबून धरून दुसरा घाव घातला. हात तुटून चिपाडांत पडला. जबडा बांधलेला असल्यामुळे पुंजाजीला ओरडतासुद्धा येत नव्हतं. तो नाकातून जो आवाज काढत होता, तो मला अजून ऐकू येतो. तिसरा घाव घालायच्या आत शिपायांनी उकंडरावला खाली पाडलं.

मी हेही छापलं. मथळा मोठा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानाचं शटर उघडलं तर पायरीवर कय्यूमचाचा बसलेला. पिंपळधोंड्याहून चालत आला होता. हातात माझाच पेपर. वाचता येत नव्हतं त्याला, पण फोटो होता.

"भाऊ, तो हात म्या तोडला," तो म्हणाला, आणि हंडीपासून सगळं सांगितलं.

मी काय केलं? मला आधी घाम फुटला, कारण माझी पहिली बातमी खोटी पडत होती. हे लिहायला लाज वाटते, पण लिहितो. मग मी त्याला चहा पाजला आणि आम्ही दोघं ठाण्यात गेलो. पायऱ्यांवर तो थांबला. मी म्हटलं, "चाचा, केसरबाईला मुद्दाम खोटं सांगितलं, हे कशाला बोलता? नजरचूक झाली म्हणा. म्हातारा माणूस, कमी दिसतं." अक्कल माझी. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि आत जाऊन मी म्हटलं तसाच जबाब दिला. डोळ्यांनी दगा दिला, पहिल्यांदा चुकीचं वाचलं. चाळीस वर्षांत एकदाही न चुकलेल्या माणसाने आपली एकुलती एक अब्रू स्वतःच्या तोंडाने बुडवली, आणि त्यामागे लपला.

वामनरावांच्या गोठ्यात गव्हाणीखाली रायफल सापडली, सोबत दहा काडतुसं. केसरबाईने गाठ सोडून गोळी दिली. नागपूरच्या प्रयोगशाळेने अक्षर जुळवलं, नळी जुळवली. माडीच्या खिडकीतून पाटलांनी भीतीपोटी बार काढला होता, पुंजाजीच्या बाराबरोबरच. पोलीस वामनरावांना घेऊन निघायच्या आत गावाने गोदाम पेटवलं आणि त्यांच्या डोक्यात विटा घातल्या. टाके घालूनच त्यांना कोठडीत नेलं. चौदा घरांची गल्ली कोणी जाळली नाही. एका म्हाताऱ्याने कय्यूमचाचाच्या दारात थुंकलं, तेवढंच. केसरबाईचा नवरा मेला आणि दीर तुरुंगात गेला. दोन घरची शेती तिच्या एकटीच्या अंगावर पडली. कय्यूमचाचा माफीचा साक्षीदार झाला. मी छापलं, 'कलईवाल्याने लावला खुनाचा छडा.'

पुंजाजी सुटला, नोकरीत परत आला. पुढच्या उन्हाळ्यात त्याचा निरोप आला. त्याच्या गावी, घरच्या अंगणात, कय्यूमचाचाचा सत्कार करायचा होता. "तुमच्यामुळे मी फासावरून उतरलो," असं त्याने कोणाकडून तरी चिठ्ठीत लिहून पाठवलं होतं. मी ती चिठ्ठी वाचून दाखवली. नूरजहांचाची म्हणाली, "मत जाओ जी. बोल दो तबीयत खराब है." कय्यूमचाचाने धुतलेला सदरा घातला आणि माझ्या मोटारसायकलवर मागे बसला.

अंगणात मांडव होता, पंचवीस-तीस माणसं, दोन खुर्च्या. पुंजाजी बारीक झाला होता. बोलताना जबडा एका बाजूला जायचा. त्याने चार शब्द बोलून दाखवले. मग बायकोच्या हातातून शाल घेतली. एका हाताने ती कय्यूमचाचाला पांघरता येत नव्हती. एक टोक खांद्यावर टाकलं की दुसरं घसरायचं. उजव्या बाहीची गाठ मध्ये मध्ये येत होती. शेवटी त्याने ते टोक दातांत धरलं आणि पांघरली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बायकोने नारळ त्याच्या डाव्या हातात दिला.

"पुंजाजीभाऊ, थांबा," कय्यूमचाचा म्हणाला. "मले नारळ देऊ नका. म्या चुकीचं वाचलं नव्हतं."

"म्हनजे?"

"पह्यल्याच दिवशी बरोबर वाचलं व्हतं. गोळी पाटलाची हाये हे मले दिसलं व्हतं. उकंडराव कुऱ्हाड घासून बसला हाये, हेही ठाऊक व्हतं. मी भ्यालो. केसरवयनीले म्हनलं, पोलिसाची हाये."

पुंजाजी त्याच्या तोंडाकडे बघत राहिला.

"किती दिवस?" त्याने विचारलं.

"पाच."

पुंजाजीने हातातला नारळ त्याच्या कपाळावर हाणला. कातडं फाटलं, रक्त डोळ्यांत आलं. दुसरा फटका खांद्याच्या हाडावर बसला, ते मोडल्याचा आवाज झाला. कय्यूमचाचा खाली बसला, पण हात वर केला नाही. चार माणसांनी पुंजाजीला मागून धरलं. मीही धरलं. या वेळी मात्र मी पुढे झालो होतो.

"सोडा त्याले," कय्यूमचाचा खालून म्हणाला. "भाऊ, तुमीही सोडा. त्याचं झालं नाई अजून."

आम्ही सोडलं. पुंजाजीने नारळ पुन्हा वर उचलला. आणि मग तो नारळ त्याने बाजूला फेकला, जमिनीवर बसला आणि तुटलेला हात पोटाशी धरून लहान पोरासारखा रडायला लागला. त्याची बायको आम्हाला म्हणाली, "जा आता तुमी. जा."

ती नवी शाल कय्यूमचाचाच्या डोक्याला गुंडाळून मी त्याला मागे बसवलं आणि मोताळ्याच्या दवाखान्याकडे निघालो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नांगरलेली रानं होती. माझ्या पाठीवर त्याचं रक्त ओलं लागत होतं. मी म्हटलं, "चाचा, कशाला बोललात? तो तर आभार मानत होता."

"भाऊ," मग तो म्हणाला, "त्यानं डाव्या हातानं मारलं. उजवा असता तं मी मेलो असतो."

आणि माझ्या पाठीला डोकं टेकवून तो मोठ्याने रडायला लागला. मोताळा येईपर्यंत रडत होता. मी गाडी थांबवली नाही.